स्थलेतिहास आणि आपत्ती : अचलपुराच्या निमित्ताने

अचलपूरचा इतिहास वाचावयास घेतला म्हणजे वाचकाच्या हाती काय लागते? १४९० च्या सुमारास फत्तेउल्ला इमादुल्मुल्काने स्थापिलेली इमादशाही, १५७४ साली अहमदनगरकरांनी केलेला तिचा शेवट, पुढे मोगल, निजाम व नबाब, आणि १८०३ सालचा गाविलगडचा वेढा. ही परंपरा आमच्या लेखकांनी परिश्रमपूर्वक लावून दिली आहे. तिच्याविषयी कृतघ्न होण्याचे कारण नाही. परंतु या सर्व काळात त्या गावावर पाऊस पडत होता की नव्हता, नद्या भरून येत होत्या की आटत होत्या, हे त्या पानांवरून क्वचितच कळते. गादीवरचा धनी बदलला तरी कुणब्याच्या घरची चूल बहुधा पूर्ववत् पेटत असे. मृगाचा पाऊस चुकला म्हणजे मात्र ती विझे. जी घटना बहुसंख्य लोकांच्या आयुष्यात सर्वांत मोठी, ती इतिहासात सर्वांत थोडक्यात उरकावयाची, ही आमच्या स्थलेतिहासाची जुनी खोड आहे. तिचे परीक्षण करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम भूमीकडे पाहू. गावाचे नाव अचल. परंतु त्याच्या भोवतालचे पाणी मोठे चंचल आहे. गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी, सापन व बिच्छन या नद्यांच्या आश्रयाने ते वसले आहे. नद्यांची ही नावे ऐकताच सर्प व विंचू आठवावेत, हा निव्वळ योगायोग असला तरी बोधप्रद आहे. चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच, तर अचलपूर सुमारे ३७० मीटर. आणि दोहोंमधील अंतर थोडे. वर पाऊसही मैदानापेक्षा पुष्कळ अधिक. अशा ठिकाणी गावात एक थेंब पडलेला नसताना नदी दुथडी भरून यावी, यात नवल नाही. उलट दक्षिणेस उतरत गेले की पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा लागतो. तेथे विहीर खणली तरी पाणी तोंडात धरवत नाही. पुराचे भय आणि गोड्या पाण्याची वानवा ही दोन्ही ज्या मुलखात इतकी जवळजवळ नांदतात, तेथील इतिहासकाराने आभाळाकडे न पाहता लिहावे, हे आश्चर्य होय.

आता १८०३ सालचेच उदाहरण घेऊ. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. डिसेंबरच्या आरंभी वेलस्लीने जखमी शिपायांसाठी एलिचपुरास रुग्णालय उघडले. १५ तारखेस गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. तोफा कोठून चढविल्या, खिंडार कोठे पडले, याचे वर्णन आम्हांस इत्थंभूत मिळते. परंतु १८०३-०४ हे वर्ष दख्खनेत घोर दुष्काळाचे होते. पावसाने दगा दिला होता, आणि सैन्यांच्या व पेंढाऱ्यांच्या धामधुमीने उरलेसुरले धान्यही हलविले होते. म्हणजे वेढा आणि दुष्काळ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या; एकाच संकटाची ती दोन अंगे होती. आमच्या ग्रंथांतून मात्र पहिले अंग राजकीय इतिहासाच्या प्रकरणात जाते आणि दुसरे, आलेच तर, शेवटच्या कोठल्याशा परिच्छेदात. प्रकरणे पाडण्याच्या या रीतीमुळे कार्यकारणभावच तुटतो, हा माझा पहिला आक्षेप.

या दृष्टीने सरकारी गॅझेटियरांची योग्यता कमी लेखता येणार नाही. १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले. १९११ साली अमरावती जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटियर निघाले. मध्यप्रांताच्या या ग्रंथमालेच्या आराखड्यात दुष्काळास स्वतंत्र प्रकरण दिलेले असे, हा मोठाच गुण होय. १८९९-१९०० च्या दुष्काळाचे भीषण स्वरूप आपणांस समजते ते अशा सरकारी नोंदींवरूनच. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत जी वाढावयाची ती दीड लाखाच्या आसपास घटली, या एका वाक्यात केवढा आक्रोश कोंडला आहे! पण तो कोंडलेलाच राहतो. गॅझेटियर हा शासनाचा ग्रंथ. सारा, भाव, मदतकामे व मजूर यांच्या हिशेबाने तो आपत्ती मोजतो. कोणत्या पेठेतील कोण गेले, कोण परत आले नाही, हा त्याचा प्रश्नच नव्हे.

याच लायलसाहेबांनी वऱ्हाडातील धर्मसमजुतींवर एक मार्मिक निबंध लिहिला असून तो १८८२ साली निघालेल्या त्यांच्या ‘एशियाटिक स्टडीज’ या संग्रहात आहे. देवी, पटकी यांसारख्या रोगांभोवती दैवते कशी उभी राहतात, याचा त्यांनी त्यात विचार केला आहे. एकाच लेखकाच्या या दोन कृती शेजारी ठेवून पाहाव्या. एकीत आपत्ती आकडा होते, दुसरीत दैवत होते. आणि ज्याच्यावर ती कोसळली तो मनुष्य दोहोंच्या मध्ये कोठेतरी हरवतो. लेखक कुशाग्र बुद्धीचा व सहृदय. तरीही असे घडावे, यावरून दोष व्यक्तीचा नसून दृष्टीचा आहे हे उघड होते.

मग आम्ही मराठी लेखकांनी काय केले? यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ साली प्रसिद्ध झाला. वऱ्हाडी माणसाने वऱ्हाडाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा तो स्तुत्य प्रयत्न होय; पण त्याचाही मुख्य रोख राजवटींकडे आहे. लोकांनी मात्र आपला इतिहास आपल्या परीने राखला. संवत् १९५६ मधील त्या दुष्काळास ‘छपन्या’ हे नाव कोण्या पंडिताने दिलेले नाही. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु कुऱ्हाड सोन्याची झाली म्हणून तिची धार जात नाही. ज्या मुलखाने कपाशीवर सर्वस्व टाकले, त्याला कापूस बुडालेल्या साली खावयास ज्वारीही विकतच घ्यावी लागते, हा अर्थ त्या म्हणीतून आज आपण काढला तर तो अप्रस्तुत ठरणार नाही.

तथापि लोकस्मृतीची भलावण करतानाही विवेक सोडता कामा नये. तिला नावे आठवतात, वर्षे आठवत नाहीत. तीन निरनिराळे पूर तिच्यात मिसळून एक होतात आणि पाणी दर पिढीस हातभर चढते. गॅझेटियरात मापे आहेत, माणसे नाहीत; स्मृतीत माणसे आहेत, मापे नाहीत. दोहोंची गाठ घालून देणे हेच स्थलेतिहासकाराचे खरे कार्य, आणि नेमके तेच आम्ही टाळले आहे.

कोणी म्हणेल, हा केवळ वाङ्मयीन काथ्याकूट झाला. तसे नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या पुराने मोवाड गाव धुऊन नेले आणि दोनशेंवर माणसे बळी गेली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने महाराष्ट्रातील उभी पिके व फळबागा झोडपून काढल्या. विदर्भही त्यातून सुटला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये मेळघाटातील साद्राबाडी येथे जमिनीखालून आवाज येऊ लागले, धक्के बसले, आणि लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या. सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा गाविलगडचा भूस्तरभंग भूशास्त्रज्ञांस नवा नाही. नवा होता तो आम्हांस. मागे पाणी कोठवर चढले होते हे ज्या गावास ठाऊक नाही, ते गाव नदीच्या पात्रात घरे बांधते आणि तिला मोकळी जागा समजते. तेव्हा इतिहासकाराच्या मौनाची किंमत वाचक नव्हे, तर काठावरचा रहिवासी भरतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावाची एक आपत्तीची बखर असावी. तीत जुन्या दुकानांच्या वह्यांतील धान्याचे भाव यावेत, देवळांच्या व मशिदींच्या पायऱ्यांवरील पाण्याच्या खुणा मोजून याव्यात, पर्जन्यमापकाचे आकडे यावेत, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी तारखा ताडून याव्यात. हे काम विद्वत्परिषदांचे नसून गावच्या शिक्षकांचे, वाचनालयांचे आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी दप्तरे पडून आहेत अशा कुटुंबांचे आहे. अचलपुरापासून त्यास आरंभ व्हावा. ज्या वाचकांच्या घरी अशी दप्तरे असतील त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उघडून पाहावीत, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.