मागाहून भेटलेला सत्यान्वेषी

एखाद्या कलाकृतीची आणि आपली गाठ तिच्या ऐन काळात पडावी, हा योग सर्वांच्या वाट्यास येत नाही. बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी केलेली ‘ब्योमकेश बक्षी’ ही हिंदी मालिका १९९३ साली प्रथम दाखविली गेली, १९९७ साली तिचा दुसरा संच आला आणि एकूण चौतीस भागांनंतर ती संपली. आम्ही ती पाहिली २०२० साली. ज्यांनी ती वेळच्या वेळी पाहिली, त्यांना तिच्याविषयी नवे काही सांगण्याचा आमचा दावा नाही. परंतु उशिरा आलेल्या पाहुण्यास घर जसे निराळे दिसते, तशी ती आम्हांस दिसली, आणि ते सांगावेसे वाटते.

हा उशीर केवळ योगायोगाचा नव्हता. १९९३ साली आम्ही शाळकरी होतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे निमित्त सांगून आम्हांस आतल्या खोलीत बसविले जाई आणि अनगोळच्या आमच्या घराच्या सोप्यात आमचे वडील (त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू) शेजारच्या काकांसह ही मालिका पाहत. भिंतीपलीकडून आनंद शंकर यांची ती सुरावट कानी पडे, एवढाच आमचा संबंध. १९९७ साली मात्र मोकळीक होती. परंतु तोवर आम्ही सोळा वर्षांचे होऊन वाङ्मयीन अभिरुची नावाची वस्तू नुकतीच मिळविली होती. अण्णा वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आणीत आणि आम्ही शेजारी बसून जी. ए. कुलकर्णी वाचीत असू, किंबहुना वाचीत असल्याचे दाखवीत असू. हेरकथा म्हणजे आगगाडीत वाचून तेथेच सोडून द्यावयाची वस्तू, असे आमचे ठाम मत होते. अण्णांनी दोनदा हाक मारली. आम्ही उठलो नाही. अण्णा न्यायालयात कारकून होते. निकालांच्या नकला करण्यात त्यांचे आयुष्य गेले. अशा मनुष्यास संध्याकाळी पुन्हा गुन्ह्याच्याच गोष्टी का पाहाव्याशा वाटाव्यात, हा प्रश्न आम्हांस त्या वेळी पडला नाही. तो पडला, तेव्हा उत्तर द्यावयास ते नव्हते.

२०२० च्या मार्चअखेरीस देश बंद झाला, न्यायालयांची दारे मिटली आणि आमचा काळा कोट खुंटीवर लोंबकळत राहिला. त्याच सुमारास दूरदर्शनने आपल्या जुन्या मालिका पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. आईने संच सुरू केला आणि ती म्हणाली, “बस की जरा. अण्णांचा बक्षी लागलाय.” आम्ही बसलो ते केवळ बाहेर जाण्यास जागा नव्हती म्हणून.

पहिल्या भागात कलकत्त्यातील एका मेसचे दृश्य आहे. अरुंद जिने, सामाईक व्हरांडा, एकमेकांच्या खोल्यांत डोकावणारी माणसे. तेथे अजित नावाचा लेखक राहतो आणि त्याच्या खोलीत एक बेकार तरुण खोटे नाव सांगून आसरा घेतो. मेसमध्ये खून होतो. पुढे तरुणाचे खरे नाव कळते. परंतु तो स्वतःस डिटेक्टिव्ह म्हणवून घेण्यास तयार नसतो. तो शब्द त्यास आवडत नाही. तो स्वतःस ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो, सत्याचा शोध घेणारा. हा नुसता शब्दांचा डौल असावा, असे आम्हांस प्रथम वाटले. दहाएक भाग पाहिल्यानंतर ध्यानी आले की, साऱ्या मालिकेची किल्ली त्या एका शब्दात आहे.

रजित कपूर यांनी साकारलेला ब्योमकेश धोतर नेसतो, विडी-सिगारेट ओढतो आणि बोलण्यापेक्षा ऐकतो अधिक. त्याच्या डोळ्यांत चमक आहे, पण ती दुसऱ्यास दिपविण्यासाठी नाही. एखादा साक्षीदार भरकटू लागला तर हा त्यास अडवीत नाही, भरकटू देतो. उलटतपासणीत उत्तरास ‘होय’ किंवा ‘नाही’ या दोन खुंट्यांस बांधण्याची कला आम्ही वर्षानुवर्षे जोपासली. त्यामुळे हे ऐकणे पाहून आम्ही थोडे ओशाळलो. के. के. रैना यांच्या अजितविषयी तर स्वतंत्र लिहावयास हवे. ह्याच बासूबाबूंच्या ‘एक रुका हुआ फैसला’ ह्या १९८६ च्या चित्रपटात बारा पंचांपैकी एकटाच शंका घेणारा जो पंच आहे, तो रैनांनीच उभा केला होता. तेथे साऱ्यांचा विश्वास ढळविणारा हा नट येथे प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवणारा मित्र होतो, आणि दोन्ही ठिकाणी तितकाच खरा वाटतो. नायकाची बुद्धी उजळून दिसावी म्हणून मित्रास मूर्ख करण्याची जी जुनी खोड हेरकथांना आहे, तिच्यापासून हा अजित मुक्त आहे. तो मूर्ख नाही. तो सज्जन आहे, आणि म्हणून त्यास उशिरा कळते.

मालिकेचा संयम किती, ह्यासाठी ‘मकडी का रस’ हा एकच भाग पाहावा. येथे खून नाही, चोरी नाही, न्यायालयात न्यावे असे काहीही नाही. एक आजारी, व्यसनी वृद्ध घरच्यांच्या अहोरात्र पहाऱ्यात असूनही कोळ्याचा विषारी रस कोठून मिळवितो, एवढाच प्रश्न. ब्योमकेश स्वतः गुंतलेला असल्याने अजितला पाठवितो आणि अजित पाहून आलेल्या वर्णनातून उलगडा करतो. उलगडा काय, हे सांगून न पाहिलेल्यांचा आनंद आम्ही हिरावणार नाही. सांगावयाचे इतकेच की, लक्षपूर्वक पाहणे हीच येथे नाट्याची सारी सामग्री आहे. १९९८ साली सुरू झालेल्या ‘सी. आय. डी.’ मध्ये शिवाजी साटम यांच्या एसीपी प्रद्युम्नाभोवती दारे मोडली जातात आणि आरोपी एका चपराकीसरशी कबुली देतो. प्रेक्षकांनी त्यावर वर्षानुवर्षे प्रेम केले, आम्हीही टाळ्या वाजविल्या. परंतु पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे कायद्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. ब्योमकेशाच्या जगात सत्य चपराकीने बाहेर पडत नाही. ते दोन विसंगत वाक्यांच्या फटीतून हळूच दिसते.

येथे आमच्या व्यवसायाची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने वस्तुस्थितीच्या तीन अवस्था मानल्या, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही त्या कायम ठेवल्या. एक, जे शाबीत झाले. दुसरी, जे खोटे म्हणून शाबीत झाले. आणि तिसरी, जे धड शाबीतही झाले नाही आणि खोटेही ठरले नाही. फौजदारी वकिलाचे पोट ह्या तिसऱ्या अवस्थेवर चालते. आरोपीस संशयाचा फायदा मिळतो तो तिच्यामुळे, आणि तो मिळालाच पाहिजे, ह्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु त्या तिसऱ्या खोलीत मनुष्यास जन्मभर राहावे लागले तर काय, हा प्रश्न कायदा विचारीत नाही.

आम्ही वकिलीत नवे असताना एका छोट्या पतसंस्थेचा कारकून आमच्याकडे आला होता. त्याच्यावर अपहाराचा आरोप होता. कागद पाहताच आम्हांस कळून चुकले की नोंदींतले हस्ताक्षर त्याचे नव्हे, आणि ते कोणाचे असावे हेही आम्ही ताडले. तथापि दुसऱ्याचा अपराध शाबीत करणे हे आमचे काम नव्हते. सरकार पक्षाच्या पुराव्यात छिद्रे पाडणे हे होते. आम्ही ती पाडली. तो सुटला. कानडीतला निकाल आम्ही त्यास मराठीत समजावून सांगितला. त्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “वकीलसाहेब, मी पैसे खाल्लो नाही म्हणून ह्यात कुठं लिहिलंय?” आम्ही म्हणालो, “सुटलास ना? झाले तर.” त्या उत्तराचा आम्हांस त्या दिवशी अभिमानही वाटला होता.

‘वसीयत’ हा भाग पाहताना तो कारकून आमच्यापुढे येऊन उभा राहिला. वारंवार मृत्युपत्र बदलणाऱ्या एका श्रीमंत वृद्धाचा खून होतो. संशय घरातल्या तरुणावर येतो आणि त्याची बहीण सत्यवती ब्योमकेशाकडे धाव घेते. सत्यवतीचे काम आपल्या सुकन्या कुलकर्णी यांनी केले आहे, आणि त्यात रडण्याचा सोपा मार्ग त्यांनी कोठेही धरलेला नाही. तिला भाऊ सुटावयास हवा आहेच; परंतु तो ‘सुटला’ म्हणून नव्हे, तर त्याने हे केले नाही म्हणून. ह्या दोहोंतील अंतर ब्योमकेश जाणतो. तो पुराव्यात छिद्रे पाडीत बसत नाही, खरा अपराधी शोधतो. वकील आणि सत्यान्वेषी ह्यांच्या वाटा फुटतात त्या येथे.

ह्या कथांचे मूळ लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय स्वतः कायदा शिकलेले होते आणि वकिलाचे पुत्र होते, हे आम्हांस नंतर कळले. त्यांनी वकिली सोडून लेखणी धरली. १९३८ साली ते चित्रपटांसाठी मुंबईस आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. शिवरायांच्या काळातील सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या कथा त्यांनी बंगालीत लिहिल्या. ‘शैलरहस्य’ ही ब्योमकेशकथा तर महाबळेश्वरी घडते. १९३२ साली जन्मलेला हा बंगाली सत्यान्वेषी मध्ये सुमारे पंधरा वर्षे मुका होता. तो पुन्हा बोलू लागला आणि पुढे वाढला तो आपल्या सह्याद्रीच्या कुशीत. इतक्या जवळच्या शेजाऱ्याची ओळख आम्हांस व्हावयास दूरदर्शन लागले, हीही आमच्या अभिरुचीच्या अहंकाराची शिक्षाच.

शरदिंदूंची ‘आदिम रिपू’ ही कथा कलकत्त्याच्या दंग्यांच्या दिवसांत सुरू होते आणि स्वातंत्र्याच्या रात्रीपाशी येऊन थांबते. खुनी कोण हे उमगूनही ब्योमकेश त्यास पोलिसांच्या हवाली करीत नाही. हे बरे की वाईट? वकील म्हणून आम्ही म्हणू, वाईट. शिक्षा द्यावी की क्षमा करावी, हे एका खासगी मनुष्याने ठरविले तर न्यायालये हवीतच कशाला? वाचक म्हणून मात्र आम्ही अडखळतो. कारण सत्य कळल्यावर त्याचे ओझे ज्यास वाहावे लागते, त्याचे हे चित्र आहे. निकाल लिहून मोकळे होणे त्याच्या नशिबी नाही.

दोष नाहीत असे नव्हे. वेषांतरे पुष्कळदा शाळेच्या स्नेहसंमेलनातील वाटतात, मारामारीचे प्रसंग केविलवाणे आहेत, आणि त्याच त्या खोल्या पडदे बदलून पुनःपुन्हा समोर येतात. शेवटचे स्पष्टीकरण कित्येक भागांत इतके लांबते की, अपराध्याने तेवढ्यात पळून जावे. दुसऱ्या संचातील काही भाग घाईने उरकलेले दिसतात. सत्यवती लग्नानंतर बहुधा चहा आणि थट्टा ह्यांपुरतीच उरते; ‘वसीयत’ मध्ये जिने इतके धैर्य दाखविले, तिला एवढेच द्यावे, ह्याचे वाईट वाटते. तथापि हे दोष गरिबीचे आहेत, ढोंगाचे नाहीत.

मागाहून जडलेल्या प्रेमाविषयी एक शंका नेहमी घेतली जाते, की आपण कलाकृतीवर प्रेम करतो की गेलेल्या काळावर? आम्ही ती स्वतःस विचारून पाहिली. आमच्या बालपणी आम्ही ही मालिका पाहिलीच नव्हती, तेव्हा स्मृतीचा गोडवा तिला चिकटण्याचा संभव नाही. परंतु आई शेजारी बसून मधूनच म्हणे, “इथं अण्णा उठून पाणी प्यायचे,” किंवा “ह्याला ते पहिल्यापासून ओळखलेले.” त्या वाक्यांमुळे आम्ही मालिका पाहत होतो, तसेच ती पाहणाऱ्या अण्णांनाही पाहत होतो. निकालांच्या नकला करता करता, ज्यांचे खरे कधी लिहिले गेले नाही अशी किती माणसे त्यांच्या हाताखालून गेली असतील! संध्याकाळी अर्धा तास तरी खरे उघडकीस येताना पाहावे, असे त्यांना वाटत असणार. हे त्यांनी सांगितले नाही. आम्ही विचारले नाही.

भाग अजून मनात घोळत होते, तोच ४ जून २०२० रोजी बासू चटर्जी नव्वदीत मुंबईस वारले. ज्याचे नाव आम्ही नुकते आदराने घेऊ लागलो होतो, त्यास ‘आवडले’ एवढे कळविण्याचीही सोय उरली नाही. उशिराची ही किंमत अटळ आहे.

न्यायालये पुन्हा उघडली तेव्हा एका संध्याकाळी आम्ही त्या कारकुनाकडे गेलो. आता त्याचे किराण्याचे लहानसे दुकान आहे. केस पांढरे झाले आहेत. आम्ही सांगितले की, त्या नोंदी तुझ्या हातच्या नव्हत्या हे आम्हांस पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तो तराजू खाली ठेवून काही वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “हे तेव्हाच सांगायचं होतं की ओ साहेब. माझी आई होती तोवर.”

त्याने चहा मागविला. आम्ही तो घेतला आणि तिसऱ्या रेल्वे फाटकावरून चालत घरी आलो. आईने संच लावून ठेवला होता.