कलगी, तुरा आणि घरगुती संगणक

वादाच्या वाङ्मयाचा विचार करताना विषयाकडे लक्ष द्यावयाचे आणि वादाच्या रूपाकडे दुर्लक्ष करावयाचे, असा प्रघात आहे. वस्तुतः विषय कालांतराने निर्जीव होतो. मागे उरते ते रूप. १९८० नंतरच्या दशकात, विशेषतः ब्रिटनमध्ये, घरगुती संगणकांच्या अभिमान्यांत जो वाद माजला तो ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याचे मर्म जाणण्यासाठी मराठी अभ्यासकाला साधन दूर शोधावे लागत नाही. शाहिरी परंपरेतील कलगी-तुऱ्याचा झगडा त्याच्या हाताशी आहे.

कलगीवाले शक्तीला, मायेला श्रेष्ठ मानतात. तुरेवाले शिवाला, ब्रह्माला. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या स्थानामुळे प्रसिद्ध आहे. अशा गावच्या श्रोत्याला शक्ती थोर की शिव थोर, हा प्रश्न मुळीच अपरिचित नाही. आणि एकावाचून दुसरा नाही, हेही तो जाणतो. तरीही फडात सवाल पडला की तो कान टवकारतो. कारण निर्णय होणार नाही हे ठाऊक असूनही जबाब कसा येतो, ह्यातच त्याला रस असतो. शाहिराचा पक्ष बहुधा विचारान्ती स्वीकारलेला नसतो. तो गुरुपरंपरेने आलेला असतो.

संगणकांच्या वादातही पक्ष असाच ठरे. सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये १२५ व १७५ पौंड अशा दोन किमतींत बाजारात आला; त्याच वर्षी अमेरिकेत कमोडोर ६४ हा ५९५ डॉलरला मिळू लागला. सामान्य कुटुंबाला ह्यांपैकी एकच यंत्र घेणे शक्य होते, आणि निवड पुष्कळदा वडिलांच्या खिशाने केलेली असे. एकाचे खेळ दुसऱ्यावर चालत नसत. म्हणून ज्या यंत्राचे ग्राहक कमी, त्याच्यासाठी नवे खेळ लिहिले जाण्याचा संभवही कमी. मुलाच्या अभिमानामागे ही खरी भीती होती: आपला पक्ष हरला तर घरातील यंत्र मुके होईल.

परस्परांवर घेतलेले आक्षेप पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. ते बहुतांशी खरे आहेत. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ बिंदूंच्या चौकटीत दोनच रंग मावत. त्यामुळे चित्र हलले की रंग एकमेकांत घुसत. त्याच्या रबरी कळांची टवाळी होई. उलट कमोडोरचे बहुरंगी चित्र जाड्या ठिपक्यांचे दिसे. आणि त्याचा ध्वनी तीन स्वरांचा व समृद्ध असला तरी त्याच्या बेसिक भाषेत तो ध्वनी काढण्याची सरळ आज्ञाच नव्हती. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये रेषा, वर्तुळ व स्वर ह्यांच्या आज्ञा तयार होत्या. म्हणजे एक यंत्र खेळणाऱ्याला अधिक देई, दुसरे लिहू पाहणाऱ्याला लवकर हाताशी धरी. तुलनेचा हा फलदायी मुद्दा वादात क्वचितच पुढे येई. कारण तो मान्य केला की वादच मिटला असता.

न्यायसूत्रांत कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी तो वाद, जयासाठी तो जल्प आणि स्वपक्ष न मांडता केवळ परपक्ष खोडणे ती वितंडा. संगणकाभिमान्यांचे भांडण जल्पात सुरू होऊन वितंडेत संपे. कलगी-तुराही जल्पच, परंतु त्याला एक बंधन आहे. भेदिक सवालाचे उत्तर द्यावयाचे तर पुराणे व वेदान्त ह्यांची जाण प्रतिपक्षाइतकीच असावी लागते. शक्तीचे माहात्म्य ज्याला ठाऊक नाही, तो तुरेवाला फडात उभा राहू शकत नाही. संगणकाच्या वादात मात्र अज्ञान हीच निष्ठेची खूण ठरे: ‘ते यंत्र हातातही धरले नाही’ हे अभिमानाने सांगता येई.

ह्या निष्ठेला व्यापाराने कधीच प्रतिसाद दिला नाही. स्पेक्ट्रमवाल्यांचे ‘क्रॅश’ (१९८४) आणि कमोडोरवाल्यांचे ‘झॅप ६४’ (१९८५) ही दोन्ही मासिके लडलो येथील न्यूजफील्ड ही एकच संस्था काढीत होती. कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल जानेवारी १९८४ मध्ये ती कंपनी सोडून गेले आणि जुलैमध्ये त्यांनी अटारीचा संगणक-व्यवसाय घेतला. १९८५ मध्ये अटारी एसटी आणि कमोडोरचा अमिगा समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा दोहोंच्या पोटी मोटोरोलाचा ६८००० हाच प्रक्रियक होता. सेनापती पलीकडे गेला, शस्त्र एकच झाले. सैनिक मात्र जागचे हलले नाहीत. सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडकडे गेला, १९९४ मध्ये कमोडोर बुडाली. त्यानंतरही वाद चालू राहिला. यंत्र मुके होण्याची भीती खरी ठरून गेली होती. उरली होती ती केवळ बालपणाची मालकी.

ह्या प्रकरणाकडे पोरखेळ म्हणून पाहण्याचा मोह विद्वानांना होईल. तो टाळावयास हवा. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या नावाशी निगडित झालेला वाद मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांकडे असाच वारशाने आला. पुष्कळांनी पक्ष आधी घेतला आणि पुस्तके मागाहून वाचली. काहींनी प्रतिपक्षाची वाचलीही नाहीत. अशा वेळी भेदिक शाहिराची कसोटी समीक्षेला लावून पाहावी: प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे, त्याला मान्य होईल अशा शब्दांत, मांडता येते काय? ज्याला ते येते त्याने पक्ष घेतला तरी चालेल. ज्याला येत नाही, त्याच्या मताची किंमत घरात आहे तेच यंत्र उत्तम म्हणणाऱ्या मुलाच्या मताहून अधिक नाही. आणि त्या मुलापाशी निदान दुसरे यंत्र घेण्याजोगे पैसे नव्हते, ही सबब होती.