संशोधनाला बसण्याआधी हे तीन अल्बम ऐका

‘थीसिस लिहिताना काय ऐकतोस?’ असं बरेच ज्युनिअर विचारतात. खरं सांगू? लिहिताना मी काहीच ऐकत नाही. पण तीन अल्बमनी मला संशोधनातलं काहीतरी शिकवलंय, ते सांगतो.

पहिला जॅझमधला: माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९). वादकांना पूर्ण लिहिलेलं संगीत दिलंच नव्हतं, फक्त आराखडे दिले होते. दोन दिवसांत रेकॉर्डिंग संपलं, तरी वाजवण्यात घाई कुठेच जाणवत नाही. गंमत पुढे आहे. पहिल्या दिवशी टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ स्वरापेक्षा जराशा चढ्या ऐकू यायच्या. ही चूक दुरुस्त व्हायला १९९०चं दशक उजाडलं. म्हणजे तीस वर्षं लोकांनी चुकीचा डेटा प्रेमाने ऐकला! एका न तपासलेल्या सेन्सरमुळे माझी तीन आठवड्यांची रीडिंग्ज केराच्या टोपलीत गेली, तेव्हा मला हाच अल्बम आठवला. निकाल सुंदर दिसतोय म्हणून कॅलिब्रेशन टाळता येत नाही.

दुसरा पाश्चात्त्य अभिजात. बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ग्लेन गूल्डने दोनदा ध्वनिमुद्रित केली, १९५५ आणि १९८१ साली. पहिली साधारण ३८ मिनिटांची, दुसरी ५१. लगेच ‘वयाबरोबर संथ झाला’ असं लिहून मोकळे होऊ नका. दुसऱ्या वेळी त्याने काही भाग पुन्हा वाजवलेत, पहिल्या वेळी एकही नाही. म्हणजे दोन चल एकदम बदलले. तुलनेसाठी सुरुवातीची ‘आरिया’ घ्या. तिथे दोन्हीकडे पुनरावृत्ती नाही. एकदा दोन मिनिटांच्या आत संपते, एकदा तीन मिनिटांवर जाते. आता म्हणा, संथ झाला. मला दुसरीच जास्त आवडते. पहिलीत चमक आहे, पण काही जागी स्वर नुसते पळतात.

तिसरा आपला: ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७). शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहीर भैरवापासून पुढे रागांच्या वेळेनुसार मांडलाय. तक्रार एकच, राग फुलायच्या आत संपतात. सविस्तर आलाप ऐकायची सवय असेल तर हुरहुर लागते. पण मर्यादा आधी ठरवली आणि शेवटपर्यंत पाळली, हे मला प्रपोजल लिहिताना फार उपयोगी पडलं. सगळंच एका प्रबंधात बसवायला जाल तर काहीच बसणार नाही.

ऐकताना एक करा. आधी माहिती न वाचता ऐका, जाणवलेलं वहीत लिहा, मग वाचा. माझं मत पटलं नाही तर छानच, फक्त कितव्या मिनिटाला काय ऐकलंत ते नोंदवा. नुसतं ‘आवडलं नाही’ हा पुरावा होत नाही.