केंद्रस्थान सिद्धांतातील ‘सेवा’ : एक चिकित्सा

नगर आणि परिसर यांचे नाते स्पष्ट करताना नागरी भूगोलाच्या अध्यापनात वॉल्टर ख्रिस्टालर यांचा केंद्रस्थान सिद्धांत (१९३३) आजही आधारभूत मानला जातो. दक्षिण जर्मनीतील वसाहतींच्या अभ्यासातून त्यांनी केंद्रांचा पदानुक्रम आणि षट्कोनी सेवाक्षेत्रे मांडली. के-३, के-४, के-७ च्या आकृत्या आपले विद्यार्थी बिनचूक काढतात. प्रस्तुत लेखाचा आक्षेप आकृतीला नसून तिच्यात गृहीत धरलेल्या ‘सेवा’ या शब्दाला आहे.

मिरजेचे उदाहरण घेऊ. जिल्ह्याचे मुख्यालय शेजारचे सांगली. तरीही वैद्यकीय सेवेची ख्याती मिरजेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे मिशन रुग्णालय सुरू केले आणि रेल्वे जंक्शनमुळे दूरचा रुग्ण थेट येथे उतरू लागला. अथणी, चिकोडी, विजापूरकडील रुग्ण मिरजेस येत राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आखलेली सीमा त्यांनी मानली नाही. शासनांनी मात्र मानली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ठरविले, तेव्हा कर्नाटक शासनाने हरकत घेतली. समरूप मैदानाच्या गृहीतकात अशा हरकतीला जागाच नाही.

परंतु खरी अडचण याहून खोल आहे. ख्रिस्टालर यांनी अंतर केवळ लांबीने न मोजता खर्च व वेळ यांनीही मोजले, हे मान्य करावयास हवे. तथापि सेवेचा पल्ला सर्वांसाठी एकच मानला की जतच्या दुष्काळी पट्ट्यातील भूमिहीन मजूर आणि त्याच गावचा बागायतदार एकाच षट्कोनात बसतात. बागायतदार मोटारीने मिरज गाठतो. मजुराला एसटीचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि मुक्कामाचा खर्च जमेना झाला की तो गावातच राहतो. सिद्धांताच्या भाषेत तो पल्ल्याबाहेर असतो. नकाशावर मात्र तो ‘सेवित’ म्हणूनच रंगविला जातो.

आपले प्रभावक्षेत्राचे लघुप्रबंध ही चूक पक्की करतात. एसटीच्या फेऱ्या, दूधसंकलन, वृत्तपत्रांचा खप, रुग्णालयाची नोंदवही – ही सारी मोजदाद शहरात बसून आणि जे पोहोचले त्यांचीच होते (सोयीचीही असते, हा भाग वेगळा). प्रश्नावली गावात नेऊन, आजारी असूनही मिरजेस कोण गेले नाही आणि का, हे विचारल्याशिवाय सेवाक्षेत्राची सीमारेषा आखू नये.