तक्रार-निवारणाच्या परिभाषेची चिकित्सा

विद्यापीठांत होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींचा विचार सामान्यतः कायदा आणि नीती या दोन अंगांनी केला जातो. परंतु तक्रार ही प्रथमतः एक भाषिक कृती आहे. ती लिहिली जाते, तिच्यावर प्रश्न विचारले जातात आणि अखेरीस ती अहवालाच्या रूपाने परक्या शब्दांत अवतरते. या रूपांतरात मूळ आशय टिकतो की नाही, यावर न्याय पुष्कळसा अवलंबून असतो. यास्तव या परिभाषेची चिकित्सा भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरची मानण्याचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात १३ ऑगस्ट १९९७ रोजी घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे, २०१३ चा अधिनियम आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची विनियमावली या तिहींत व्याख्येचा गाभा एकच आहे : ‘अनवेलकम’ वर्तन. मराठी पत्रकांत त्यासाठी ‘अस्वागतार्ह’ हा शब्द आढळतो. हा शब्द वरवर निर्दोष भासला, तरी ‘अर्ह’ या पदाने अर्थाचा तोल ढळतो. जे स्वागतास पात्र नाही ते अस्वागतार्ह. आणि पात्रता कोणीही तिऱ्हाईत ठरवू शकतो. मूळ संज्ञेत मात्र निर्णय त्या व्यक्तीच्या इच्छेचा आहे. हा आशय मराठीतील ‘नकोसे’ हा साधा शब्द अधिक नेमकेपणाने वाहतो, कारण ‘तिला नकोसे’ या रचनेत अनुभवणारी व्यक्ती चतुर्थीत उभी राहते; तिला वगळून वाक्याचा अर्थ पुरा होत नाही.

मराठीने ‘नाही’ आणि ‘नको’ यांत केलेला भेदही येथे उपयोगी पडावा. पहिला वस्तुस्थितीचा निषेध करतो, दुसरा इच्छेचा. ‘तू नाही म्हणालीस काय?’ असे विचारणारी समिती उच्चारलेल्या शब्दाचा पुरावा मागते. ‘तुला ते नको होते काय?’ असे विचारणारी समिती व्याख्येच्या गाभ्याशी प्रामाणिक राहते. ज्या विद्यार्थिनीचा प्रबंध मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीवाचून पुढे सरकत नाही, तिचे मौन हे संमतीचे चिन्ह समजणे म्हणजे भाषेचे आणि सत्तेचे नाते न जाणणे होय.

दुसरा दोष प्रशासकीय मराठीचा. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात कर्ता नाही. अधिनियमाने मात्र कर्ते आणि मुदती स्पष्ट केल्या आहेत. चौकशी समितीने ९० दिवसांत पुरी करावी, अहवाल १० दिवसांत द्यावा आणि नियोक्त्याने शिफारशींवर ६० दिवसांत कृती करावी. सूचनाफलकावर येताना हे कर्ते गळून पडतात, आणि विलंबाचा जाब कोणाला विचारावा हेच कळेनासे होते.

मूळ विनियमावलीही सर्वस्वी निर्दोष नाही. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते व विभागप्रमुख यांना समितीबाहेर ठेवणे आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी निगडित असता तीन निर्वाचित विद्यार्थी सभासद घेणे, ही तिची मोठीच जमेची बाजू होय. परंतु तक्रारदाराच्या कार्याचे मूल्यमापन करण्यापासून प्रतिवादीस रोखण्याची अंतरिम तरतूद ‘रोखावे’ अशी नसून ‘रोखू शकेल’ अशी आहे. एका साहाय्यक क्रियापदावर एखादीच्या संशोधनाचे भवितव्य लटकते. तक्रारीसाठी तीन महिन्यांची, आणि कारणे नोंदवून आणखी तीन महिन्यांची मुदत आहे. मार्गदर्शकावरील अवलंबित्व मात्र वर्षानुवर्षे चालते.

येथे असा आक्षेप घेतला जाईल, की अशा चिकित्सेत प्रतिवादीच्या हक्कांचा विसर पडतो. वस्तुतः नेमकेपणाची गरज उभय पक्षांना आहे. गोवा विद्यापीठातील एका अध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी केलेल्या तक्रारींची चौकशी समितीने घाईने उरकली, प्रतिवादीस बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ते प्रकरण चौकशीसाठी समितीकडे परत पाठविले. चौदा वर्षांनी आरोप सिद्धही झाला नव्हता आणि खोटाही ठरला नव्हता. घाई प्रतिवादीस जशी अन्यायकारक, तशीच ती तक्रारदारासही घातक ठरते, हाच या निर्णयाचा बोध.

तात्पर्य, विद्यापीठांनी आपली पत्रके मराठीत काढताना केवळ शब्दाला शब्द देऊन भागणार नाही. व्याख्येत ‘नकोसे’ यावे, प्रत्येक मुदतीपुढे कर्ता लिहिला जावा, आणि तक्रारदाराचे निवेदन तिच्याच शब्दांत अहवालास जोडले जावे. हे काम मराठीच्या विभागांनी आपले म्हणून स्वीकारणे उचित होय. कारण जिला आपली तक्रार कोणत्या शब्दांत मांडावी हेच उमगत नाही, तिच्यासाठी समितीचे दार उघडे असूनही बंदच राहते.