‘डिजनरेट’ आणि आपला ‘ऱ्हास’

‘डिजनरेट’ या इंग्रजी क्रियापदासाठी मराठी समीक्षेत बहुधा ‘ऱ्हास होणे’ हा प्रतिशब्द योजला जातो. हा पर्याय निरुपद्रवी वाटला तरी त्यामुळे मूळ शब्दातील एक गृहीतक दृष्टीआड होते.

‘ऱ्हास’ आणि ‘ह्रस्व’ यांचा धातू एकच. त्यातून केवळ परिमाण घटल्याचा बोध होतो. ‘डिटेरिओरेट’च्या मुळाशी ‘अधिक वाईट’ हा अर्थ आहे, तर ‘डिके’च्या मुळाशी ‘पडणे’. ‘डिजनरेट’ मात्र लॅटिनमधील ‘गेनुस’ म्हणजे कूळ, वंश, जात या शब्दापासून आला. आपल्या कुळाच्या गुणवत्तेपासून ढळणे, हा त्याचा मूलार्थ. म्हणूनच वादसंवाद शिवीगाळीत ‘डिजनरेट’ होतो, असे इंग्रजीत म्हणतात; दूध नासले तर हे क्रियापद कोणी वापरत नाही. शिवाय ते प्राय: अकर्मक असते. बिघडवणारा कोणी दाखवावा लागत नाही. दोष कर्त्याच्या प्रकृतीतच आहे, असे सूचित होते. गणितात तीन शिरोबिंदू एका रेषेत आलेल्या त्रिकोणाला ‘डिजनरेट’ म्हणतात. तेथे निंदा नाही, कारण त्रिकोणाची व्याख्या आधीच सर्वमान्य आहे.

साहित्यात तशी व्याख्या नसते. १८५७ मध्ये मोरेल या फ्रेंच मनोवैद्याने या संकल्पनेला आनुवंशिक रोगाचा अर्थ दिला. पेशाने वैद्य असलेल्या माक्स नोर्डाऊ यांनी १८९२च्या ‘एन्टआर्टुंग’मध्ये वाग्नर, इब्सेन, टॉलस्टॉय यांना याच निदानाखाली आणले. १८९५ मध्ये ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद झाला आणि त्याच वर्षी शॉ यांनी त्याचा प्रतिवाद केला. पुढे १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकमध्ये आधुनिक चित्रशिल्पांचे प्रदर्शन मांडून त्यांना हेच विशेषण लावले. नोर्डाऊ स्वत: ज्यू होते, झायोनिस्ट चळवळीचे एक नेते होते. आपल्या निकषाचा वापर पुढे कोण करील, यावर समीक्षकाचे नियंत्रण राहत नाही.

आपल्या परंपरेत या शब्दाला जवळचा आहे तो ‘भ्रंश’. पतंजलींनी ‘गौ:’ हा साधुशब्द मानून ‘गावी’, ‘गोणी’, ‘गोता’ यांना अपभ्रंश ठरविले. येथेही आधी मूळ ठरते, मग ढळणे दिसते. परंतु प्राकृत-अपभ्रंशांच्या ज्या परंपरेतून मराठी घडली, तीच या दृष्टीने ‘ढळलेली’ होती! एका निकषाने जो भ्रंश, तोच दुसऱ्या निकषाने जन्म ठरतो.

तरीही ‘भ्रंश’ हा प्रतिशब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. ‘ऱ्हास झाला’ म्हटले की वाक्य पुरे होते. ‘भ्रंश झाला’ म्हटले की ‘कशापासून?’ हा प्रश्न उरतो. ‘आजची कविता ऱ्हास पावली आहे’ असे लिहिणाऱ्याने हा प्रश्न प्रथम स्वत:ला विचारावा. कवितेची कोणती प्रकृती तो मूळ मानतो, आणि ती कोणी ठरविली? याचे उत्तर दिल्यानंतरच त्याच्या विधानाला समीक्षेचा दर्जा मिळेल. तोवर ती केवळ कुळाची चौकशी होय.