बहिःशाल



गांधीबागेत, कापडाच्या ठोक बाजारालगत, एका विद्यापीठाच्या इतिहास विभागानं जाहीर व्याख्यान ठेवलं होतं. विषय, नागपूरचा कापडधंदा. अशा व्याख्यानांना 'बहिःशाल' म्हणतात. म्हणजे शाळेबाहेरच्यांसाठी. मला हसू आलं. शाळेबाहेर बसण्याचा आपल्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला आहे?

वक्ते चांगले बोलले, हे कबूल. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, इथपासून सगळं तारीखवार सांगितलं. पण त्या मिलमध्ये राबलेला महार कामगार दोन तासांत एकदाही आला नाही. मी उभा राहून विचारलं. उत्तर आलं, "लेखी साधनं कमी आहेत."

साधनं कमी आहेत, की कुणी हुडकलीच नाहीत? किसन फागूजी बनसोडे १९१८ साली 'मजूर पत्रिका' काढत होते. नागपूर विद्यापीठ निघालं १९२३ साली. विद्यापीठाच्या आधी आपला माणूस मजुरांसाठी लिहीत होता! २० जुलै १९४२ ला याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. गिरण्यांत, विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना रजा मिळावी, असा ठराव तिनं केला. हे लेखी नाही तर काय आहे?

आणि जिथं कागद संपतो तिथं माणसाला विचारावं लागतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गाठलं, बोलतं केलं, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिलं. मी याला पक्कं संशोधन म्हणतो. त्यात बाई नुसतं उदाहरण नाही, साक्षीदार आहे. आठवण चुकते, तारीख हुकते, मान्य. ती तपासायची रीत विभागाजवळ आहे. मग ती रीत घेऊन त्यानं वस्तीत यावं. माईक घेऊन नको, वही घेऊन. आणि जे लिहील ते आधी त्याच बायांना वाचून दाखवावं.

आता आपली झडती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेआधी नागपुरात पांढरं लुगडं मिळेना, असं म्हाताऱ्या सांगतात. मग गांधीबागेतल्या कोणत्या दुकानातून कापड घेतलं? उधारी कुणी दिली? दागिना कुणी मोडला? त्या सालच्या खातेवह्या कुणाच्या माळ्यावर पडल्यात? मी विचारलं नाही. तुम्ही विचारलं? तेव्हा सोळा वर्षांची असलेली पोरगी आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. ती गेली की आपण फोटोला हार घालू. तिचं बोलणं काहून उतरवून घेत नाही?

विभागाला जरूर जाब विचारू. पण जाब विचारायला जाताना आपल्या हातात दहा म्हाताऱ्यांच्या जबान्या असू द्या. रिकाम्या हातानं गेलो तर पुन्हा तेच ऐकावं लागेल, साधनं कमी आहेत.

जयभीम.